केंद्र उभे राहते, मैलापाणी पोहोचत नाही

पन्नास हजार वस्तीच्या शहराचा हिशेब मांडून पाहू. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे, असे केंद्र सरकारची अभियांत्रिकी पुस्तिका सांगते. त्यातले ८० टक्के पाणी वापरून घराबाहेर पडते, हेही त्याच पुस्तिकेतले गृहीतक आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर, आणि सगळ्या शहराचे मिळून रोजचे ५४ लाख लिटर. अभियंते याला ५.४ एमएलडी, म्हणजे रोजचे ५.४ दशलक्ष लिटर, म्हणतात. महाराष्ट्रात ४० हजार ते एक लाख वस्तीच्या शहरांना ‘ब’ वर्ग नगरपरिषद असते. या हिशेबाने अशा प्रत्येक शहरातून रोज चार ते अकरा एमएलडी सांडपाणी निघते. ‘क’ वर्ग नगरपरिषदा आणि नगरपंचायती त्याखाली आल्या.

या शहरांच्या पाणी योजना गेल्या काही दशकांत वाढत गेल्या. धरणावरून जलवाहिनी आली, उंच टाक्या बांधल्या गेल्या, घरोघरी नळ पोहोचला. नळाने आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार, याची योजना मात्र बहुतेक ठिकाणी सोबत आली नाही. ते उघड्या गटारातून ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत, आणि नदीतून खालच्या गावाच्या हद्दीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले होते. हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. कारखान्यांचा त्यात वाटा आहे, पण नदीत उतरणाऱ्या घाणीच्या नुसत्या प्रमाणाकडे पाहिले, तर घरगुती सांडपाण्याचा भाग कितीतरी मोठा भरतो.

त्याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. अशी साथ पसरवणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू मैल्यातून पिण्याच्या पाण्यात शिरतो आणि गरोदर बायकांना तो फार घातक ठरतो. त्या वेळी पंचगंगेच्या पाण्याची पुष्कळ चर्चा झाली. पण पंचगंगेकाठी जे घडले ते भीमेकाठी, गोदावरीकाठी किंवा कुठल्याही ओढ्याकाठी घडू शकते, कारण रचना सगळीकडे एकच आहे. वरच्या गावाचे गटार जिथे नदीला मिळते, त्याच्या खाली कुठेतरी दुसऱ्या गावाची जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलणारी विहीर असते.

कायद्याची वाण कधीच नव्हती. जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. देशाचा कायदा १९७४ चा, म्हणजे नंतरचा. पैसे नाहीत हे नगरपालिकांचे उत्तर तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच फेटाळले होते. मध्य प्रदेशातल्या रतलामचे हे प्रकरण. एका वस्तीतून उघडी गटारे वाहत होती, झोपडपट्टीत संडास नव्हते, मद्यार्काच्या कारखान्याचे पाणी रस्त्यावर येत होते. रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले आणि नगरपालिका तिजोरी रिकामी असल्याचे सांगत वरच्या न्यायालयात गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा गाभा असा, की स्वच्छतेचे वैधानिक कर्तव्य पैशाच्या सबबीखाली टाळता येणार नाही. छोट्या शहराच्या सांडपाण्याविषयी यापेक्षा स्पष्ट निकाल माझ्या वाचनात नाही. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाणी या दोन्हींच्या हलगर्जीपणाबद्दल महाराष्ट्र शासनावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. तिचा बहुतेक भाग प्रक्रियेविना सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यापोटी होता. इतक्या मोठ्या रकमेची बातमी होते. तिने एखाद्या गल्लीतल्या घराची गटाराशी जोडणी मात्र होत नाही, आणि खरी अडचण त्या गल्लीत आहे.

देशाचे आकडे तेच सांगतात. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या यादीनुसार शहरी भारतात रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते. बांधलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ एमएलडी. प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ एमएलडीवर. पहिल्या दोन आकड्यांमधली तफावत सर्वांच्या तोंडी असते, तिच्यावर योजना निघतात, निधी मंजूर होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातल्या फरकाबद्दल कमी बोलले जाते. बांधून ठेवलेल्या क्षमतेतली एक तृतीयांशाहून जास्त क्षमता एकतर बंद आहे किंवा तिच्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. छोट्या शहराच्या प्रश्नाचे मूळ मला या दुसऱ्या फरकात दिसते.

पाणी केंद्रापर्यंत का पोहोचत नाही, हे जुन्या गावठाणात फिरले की समजते. वाडा रस्त्याला तोंड करून असतो आणि संडास मागच्या परसात. भुयारी गटाराची मुख्य वाहिनी पुढच्या रस्त्याने जाते. जोडणी घ्यायची तर मागून पुढे, घराच्या जोत्याखालून किंवा बोळातून पाइप आणावा लागतो. त्याला पुरेसा उतार मिळेलच असे नाही. फरशी उकरावी लागते, भाडेकरू असेल तर कोण खर्च करणार यावर घोळ होतो, भाऊबंदकीत वाटणी झालेली असेल तर बोळ कोणाचा हा वाद उभा राहतो. ठेकेदाराचे काम साधारणपणे घरासमोरच्या चेंबरपर्यंत असते, पुढचे घरमालकाचे. आणि घरमालकाला घाई कशाची? त्याच्याकडे सेप्टिक टँक आहे, त्याचा संडास चालतो आहे. पदरचे काही हजार रुपये घालून त्याच्या स्वतःच्या रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो ओढ्याकाठच्या झोपडीत आणि नदीच्या खालच्या गावात.

जमीनही साथ देत नाही. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात थोडा मुरूम उकरला की काळा पाषाण लागतो. खोल वाहिनीसाठी तो फोडत जायचे म्हणजे अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतींना धोका. काळ्या मातीच्या भागात माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चेंबरचे सांधे उकलतात. त्यातून पावसाचे पाणी आत येते आणि सांडपाणी बाहेर झिरपते. भुयारी गटार योजनेच्या खर्चातला मोठा वाटा अशा वाहिन्यांवर जातो. रस्ते उकरल्यावर ते पूर्ववत करायला महिने लागतात, लोक वैतागतात, नगरसेवक आपल्या प्रभागातले काम पुढे ढकलायला सांगतात. दरम्यान केंद्र मात्र तयार होते, कारण ते गावाबाहेर, गायरानात किंवा नदीकाठी, एकाच जागी आणि एकाच ठेकेदाराकडून बांधायचे असते.

मग तयार केंद्राचे काय होते? वाहिन्यांची रचना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून केलेली असते, यंत्रांची पंधरा वर्षांनंतरची. पहिल्या वर्षी त्यात अपेक्षित पाण्याच्या निम्मेही येत नाही. ते भरून काढायला जवळचा नाला अडवून त्याचे पाणी वळवले जाते. नाल्यात न्हाणीचे, धुण्याचे, गळक्या नळांचे, पावसाचे पाणी मिसळलेले असते आणि खरा मैला घरोघरच्या टाक्यांत अडकलेला असतो. हवा देऊन जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची, हे या केंद्रांचे तत्त्व. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात १९१४ मध्ये ही पद्धत सिद्ध झाली आणि आजची बहुतेक केंद्रे तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आहेत. पातळ पाण्यावर हे जिवाणू उपाशी राहतात. त्यांची संख्या घटते, गाळ नीट बसत नाही, आणि हवा देणारा ब्लोअर मात्र तितकीच वीज खात फिरत राहतो. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसते, नमुनाही कधी कधी पास होतो, कारण आत आलेले पाणीच फारसे घाण नव्हते.

विजेचा खर्च हा दुसरा फास आहे. हवा देणाऱ्या केंद्राला हजार लिटरमागे साधारण ०.२ ते ०.४ युनिट वीज लागते. आपल्या ५.४ एमएलडीच्या शहराला म्हणजे रोज एक ते दोन हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले, तर महिन्याला अडीच ते पाच लाख रुपये फक्त विजेचे. त्यावर माणसे, क्लोरीन, पंपांची दुरुस्ती. केंद्र बांधायला अनुदान मिळते. एक लाखाखालच्या शहरांसाठी स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याचा स्वतंत्र घटक आहे, वित्त आयोगाचा बंधित निधी आहे, राज्याचे नगरोत्थान अभियान आहे. पण चालवण्याचा खर्च नगरपरिषदेला घरपट्टीतून काढायचा असतो. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपली की खरी परीक्षा सुरू होते. वीजबिल थकते, एखादा ब्लोअर जळतो, सुटा भाग येईपर्यंत पाणी प्रक्रियेविना सोडणारे बायपासचे गेट उघडले जाते, आणि एकदा उघडलेले ते गेट बंद करायची कोणाला घाई नसते. निवडणुका लांबल्यामुळे राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात याबद्दल सभेत प्रश्न विचारणाराही कोणी उरला नव्हता.

तंत्रज्ञानाची निवडही या खर्चाशी जोडलेली आहे आणि इथे माझी तक्रार सल्लागारांवर आहे. बहुतेक प्रकल्प अहवालांत एसबीआर किंवा एमबीबीआर ही यंत्राने हवा देणारी पद्धत असते. जागा कमी लागते, पाणी चांगले निघते, हे खरे. पण ती शहाण्या हातांची आणि अखंड विजेची यंत्रे आहेत, आणि छोट्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचाच अभियंता हे केंद्रही सांभाळत असतो. स्थिरीकरण तलाव ही जुनी, साधी पद्धत आहे. एकापाठोपाठ एक उथळ तळी, त्यात ऊन, शेवाळ आणि वेळ यांच्या जोरावर पाणी सुधारते. एमएलडीमागे एक-दोन हेक्टर जागा लागते, वीज जवळपास नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या शहरांना गायरान उपलब्ध आहे आणि ऊन भरपूर आहे, तिथे हा पर्याय अहवालात आधी मांडला गेला पाहिजे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धतही अशीच कमी विजेची आहे. खडीच्या वाफ्यांत लावलेल्या पाणवनस्पतींच्या मुळांमधून पाणी झिरपत जाते. सगळ्या शहराला ती पुरणार नाही, पण एका नाल्याला, एका वसाहतीला, एका वसतिगृहाला चांगली पुरते.

या सगळ्यात जी गोष्ट सर्वात कमी खर्चात आणि सर्वात लवकर करता येते, तिच्याकडे दुर्लक्ष होत आले. ती म्हणजे सेप्टिक टँक वेळेवर उपसणे. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली ३२.७ टक्के घरे गटाराच्या वाहिनीला जोडलेली होती आणि ३८.२ टक्के घरे सेप्टिक टँकवर होती. महानगरे वगळली, तर छोट्या शहरांत टाकीवाल्या घरांचे प्रमाण फारच वाढते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी, असा तांत्रिक संकेत आहे. आपल्याकडची रीत वेगळी आहे. टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली, असे समजून लोक ती बांधतात, वर पोर्च किंवा टाइल्सची फरशी घालतात, झाकण बुजवून टाकतात आणि पंधरा-वीस वर्षे तिची आठवण काढत नाहीत. तोवर ती तळापासून गाळाने भरते. मग संडासात पाणी टाकले की तेवढाच मैला जवळपास जसाच्या तसा दुसऱ्या टोकाने गटारात ढकलला जातो. नीट चालणारी टाकी घाणीचा निदान तिसरा हिस्सा तरी आत अडवते, भरलेली टाकी काहीच अडवत नाही. शेवटी तुंबल्यावर खासगी टँकरवाल्याला बोलावायचे, त्याला हजार-दोन हजार रुपये द्यायचे आणि तो हा माल कुठे नेतो हे विचारायचे नाही. टँकर रात्री नाल्यात, पडीक विहिरीत किंवा एखाद्याच्या शेतात रिकामा होतो. सेप्टिक टँकमधला असा गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा कित्येक पट तीव्र असतो.

हे बदलता येते, याचे दोन पुरावे महाराष्ट्रातच आहेत. वाई हे सातारा जिल्ह्यातले कृष्णाकाठचे शहर, २०११ च्या जनगणनेत ३६ हजार वस्तीचे. सिन्नर नाशिक जिल्ह्यातले, औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले, ६५ हजार वस्तीचे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पाणी व स्वच्छता केंद्राच्या मदतीने या दोन्ही नगरपरिषदांनी ठरवून उपसा सुरू केला. वाईत तो २०१८ मध्ये सुरू झाला. शहराचे भाग पाडले, प्रत्येक भागाचे वर्ष ठरवले. कोणी बोलावण्याची वाट न पाहता गाडी दारी येते आणि तीन वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक घराची टाकी उपसली जावी, अशी आखणी केली. घरमालकाला गाडी आली त्या वेळी पैसे द्यावे लागत नाहीत, तो खर्च वर्षाच्या स्वच्छता करात आणि घरपट्टीत सामावलेला असतो. उपसलेला गाळ कुठे टाकायचा हेही आधी ठरवले. दोन्ही शहरांत दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचे मैलागाळ प्रक्रिया केंद्र बांधले. वाईच्या केंद्रात गाळावर उष्णतेने प्रक्रिया होते. सिन्नरचे केंद्र साधे आहे. गाळ वाळवण्याचे वाफे, पाणी वेगळे होऊन जाण्याची सोय, यंत्रे थोडी.

या योजनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट मात्र केंद्रात नाही, ती करारात आहे. ठेकेदाराला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते, पण ती किती टाक्या उपसल्या आणि गाळ केंद्रावर पोहोचला का, यावर अवलंबून असते. आणि ती रक्कम देण्यासाठी नगरपरिषदेने वेगळे खाते राखून ठेवले, ज्यातला पैसा दिवाबत्ती किंवा थकलेल्या पगाराकडे वळवता येत नाही. ठेकेदाराला पैसे मिळण्याची खात्री, नगरपरिषदेला काम मिळण्याची खात्री. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची देयके किती काळ अडकतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या वेगळ्या खात्याचे मोल कळेल. कर्नाटकातल्या देवनहळ्ळीने २०१५ मध्ये असे गाळ केंद्र आधीच उभारले होते. वाई-सिन्नरने त्यात शहरभर ठरवून उपसा करण्याची भर घातली, आणि माझ्या मते खरा बदल तिथेच झाला.

अडचणी त्यांनाही आल्या. टाकीचे झाकण सापडत नाही, फरशी फोडायला मालक तयार होत नाहीत, बोळात गाडी जात नाही म्हणून लांब नळ्या लागतात, काही जण आमची टाकी भरलेलीच नाही म्हणून परत पाठवतात. यातली एकही अडचण कोट्यवधींच्या निधीची नाही. ही दारोदार जाऊन समजावण्याची, चिकाटीची कामे आहेत. राज्याने नंतर कितीतरी छोट्या शहरांत मैलागाळ केंद्रे मंजूर केली आणि बांधलीही. पण वेळापत्रकाशिवाय बांधलेले गाळ केंद्र आणि जोडण्यांशिवाय बांधलेले सांडपाणी केंद्र यांचा दोष एकच आहे. टाक्या उपसून तिथवर कोणी गाळ नेलाच नाही, तर वाफे कोरडेच राहणार.

इथे त्या माणसांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ज्यांच्या हातांनी हे काम आजवर झाले. टोपलीचे संडास आपल्या शहरांत कित्येक दशके होते आणि डोक्यावरून मैला वाहणारी माणसे ठरावीक जातींची होती. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले आणि माणसाने मैला वाहण्याची गरजच उरू नये म्हणून स्वस्त संडासाची रचना केली, ती यासाठीच. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेविना सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही जातो. छोट्या शहरात हे सहज घडते, कारण टाकी खासगी असते, बोलावणारा घरमालक किंवा सोसायटीचा सचिव असतो, उतरणारा रोजंदारीवर असतो, आणि नगरपरिषद आपला संबंध नाही असे म्हणते. वेळापत्रकाने चालणारी, नगरपरिषदेची जबाबदारी असलेली, नळी टाकून उपसणारी गाडी हा माणसे वाचवण्याचाही उपाय आहे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती प्रत्येक शहरात असली पाहिजे.

यात्रेची गावे हा वेगळा विषय आहे. २०११ मध्ये ९९ हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या पंढरपुरात आषाढीला दहा लाखांहून जास्त वारकरी येतात. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी दसपट क्षमतेचे केंद्र बांधणे शहाणपणाचे नाही. अशा गावांनी नेहमीचे केंद्र नेहमीच्या वस्तीसाठी ठेवावे आणि वारीत फिरते संडास, उपसा गाड्या व गाळ साठवण्याच्या मोठ्या टाक्या यांवर भर द्यावा. घरजोडण्यांकडे परत यायचे, तर गोव्यात २००८ च्या कायद्याने वाहिनी आली तिथे घराने जोडणी घेणे बंधनकारक केले. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांकडे नोटिशीचे अधिकार आहेत, ते वापरायचे धैर्य कमी दिसते. जोडणीचा खर्च योजनेतच धरला आणि गरीब घरांना तो माफ केला, तर नोटिशीची गरजही फारशी पडणार नाही.

आता मानकांबद्दल. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांबाहेर प्रक्रिया केलेल्या पाण्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे म्हटले. २०१९ मध्ये हरित लवादाने महानगरांसाठी सुचवलेले १० चे कडक मानक सगळ्या देशाला लावले. उद्देश चांगला आहे. पण पन्नास हजारांच्या शहरात त्याचा अर्थ काय, हे साध्या गणिताने पाहावे. ५.४ एमएलडी सांडपाणी, बीओडी २००, म्हणजे रोज १,०८० किलो घाण. समजा त्यातले फक्त एक चतुर्थांश पाणी केंद्रात पोहोचते आणि ते १० पर्यंत स्वच्छ होते. नदीत तरीही सुमारे ८२० किलो जाते. आता समजा तीन चतुर्थांश पाणी पोहोचते आणि ते फक्त ३० पर्यंत स्वच्छ होते. नदीत सुमारे ३९० किलो जाते, निम्म्याहूनही कमी. तपासणी होते ती केंद्राच्या शेवटच्या नळावर, आणि नदीवर भार पडतो शहराच्या सगळ्या नाल्यांचा. प्रदूषण मंडळाने अहवालात केंद्राच्या नमुन्यासोबत केंद्रापर्यंत न आलेल्या पाण्याचा अंदाजही छापायला हवा. मोठ्या क्षमतेचे केंद्र आणि पास झालेला नमुना यांच्या आड सध्या फार काही झाकले जाते.

शुद्ध केलेले पाणी कोणाला द्यायचे, हाही छोट्या शहराचा स्वतःचा प्रश्न आहे. राज्याच्या २०१७ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रे आणि औद्योगिक वसाहती यांनी जवळच्या शहराचे प्रक्रिया केलेले पाणी वापरावे, अशी दिशा दिली. नागपूरच्या भांडेवाडीचे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, हे त्याचे ठळक उदाहरण. पण बहुतेक छोट्या शहरांजवळ वीज केंद्र नाही. त्यांच्याजवळ शेतकरी आहे, आणि तो हे पाणी आजही वापरतो आहे, कच्चे, नाल्यातून मोटार लावून. पाण्याबरोबर खत येते हे त्याला अनुभवाने माहीत आहे. सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरले, तर आपल्या शहरातून रोज २१६ किलो नत्र वाहून जाते. युरियाच्या हिशेबात ४५ किलोच्या दहा गोण्या, रोज. नदीत तेच नत्र जलपर्णी वाढवते. धोका आहे तो जंतांचा आणि रोगजंतूंचा, विशेषतः त्याच पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक पिकवून ती त्याच शहराच्या बाजारात आणली जाते तेव्हा. यावर बंदी घालून काही साधणार नाही. तलावात पुरेसे दिवस मुरलेले पाणी ऊस, चाऱ्याचे गवत, झाडांच्या लागवडीला द्यावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये, आणि शेतकऱ्यांच्या गटाशी त्याचा लेखी करार करावा. अवर्षणाच्या पट्ट्यात वर्षभर न आटणारे हे एकमेव पाणी असते. त्याची किंमत शेतकऱ्याला नगरपरिषदेपेक्षा जास्त कळते.

या सगळ्यावरून क्रम लावायचा झाला, तर मी तो असा लावीन. पहिल्या वर्षी प्रत्येक सेप्टिक टँकची नोंद आणि उपशाचे वेळापत्रक. सोबत गाळासाठी साधे केंद्र, किंवा जवळच्या मोठ्या शहराच्या केंद्रात गाळ घेण्याची परवानगी. मग दाट वस्तीत वाहिन्या आणि त्याच कंत्राटात घरजोडण्या, जोडण्यांच्या संख्येवर ठेकेदाराचे देयक. विरळ नव्या वसाहतींना दूरच्या केंद्राला जोडण्याचा अट्टहास नको, तिथे छोटी स्थानिक केंद्रे. मोठे केंद्र सर्वात शेवटी, आणि तेही टप्प्याटप्प्याने वाढवता येईल असे. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा आहे, कारण फीत केंद्राचीच कापता येते.

वाचकांनी एवढे करावे. आपल्या शहरात घरपट्टीच्या पावतीवर स्वच्छता कर असेल, तर तो कशावर खर्च होतो हे नगरपरिषदेला लेखी विचारा. सांडपाणी केंद्र असेल तर त्याला किती घरे जोडली आहेत आणि गेल्या वर्षीचे वीजबिल किती भरले, एवढे दोनच आकडे मागा. आणि आपल्या घराची टाकी शेवटची कधी उपसली ते शोधून काढा. तीन वर्षे उलटून गेली असतील, तर झाकण मोकळे करा आणि नगरपरिषदेच्या गाडीसाठी अर्ज द्या. नगरपरिषदेकडे अशी गाडी नसेल, तर तसे तिच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा.